गोव्यात भाड्याची दुचाकी घेताय? या चुका टाळा

सीझनमध्ये हरमल-मांद्रे रस्त्यावर सकाळी आठच्या सुमाराला एक दृश्य मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. एखादा परदेशी पाहुणा गेस्ट हाऊसच्या गल्लीतून स्कूटर बाहेर काढतो. रस्ता मोकळा असतो. तो वळतो आणि थेट उजव्या बाजूने चालू लागतो, अगदी आपल्या गावात असल्यासारखा निवांत. समोरून पावाची टोपली बांधलेली पोदेराची सायकल येते, भोंगा वाजतो, तेव्हा कुठे तो दचकून डावीकडे येतो.

हाच माणूस आदल्या संध्याकाळी म्हापशाच्या गर्दीतून व्यवस्थित आलेला असतो. गर्दीत पुढची-मागची वाहनं आपल्याला आपोआप बाजू धरायला लावतात. रिकाम्या रस्त्यावर तो आधार नसतो आणि हात जुन्या सवयीने चालतात. रशिया, इस्रायल, जर्मनी, फ्रान्स या सगळ्या देशांत वाहतूक उजवीकडून चालते. म्हणून धोका गर्दीच्या वेळेपेक्षा सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, चहाला थांबून पुन्हा निघताना जास्त असतो.

तुमच्याकडे परदेशी पाहुणे उतरत असतील, तर गाडीची चावी देण्याआधी स्पीडोमीटरशेजारी डावीकडचा बाण काढलेली चिकटपट्टी लावा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि आपण स्थानिकांनी गेस्ट हाऊसच्या गल्ल्यांपाशी वेग कमी करायला हवा. त्यांच्या देशात जवळच्या बाजूची गाडी डावीकडून येते, म्हणून रस्त्यावर येताना ते आधी डावीकडे बघतात. आपण येतो उजवीकडून. त्याने मान फिरवली म्हणजे आपल्याला पाहिलं, असं धरून चालू नका.

अपघात घडवणारा आणखी एक गैरसमज डिपरचा. युरोपात समोरच्याने लाइट मारला तर बहुतेक वेळा अर्थ होतो, ‘तुम्ही या, मी थांबतो.’ आपल्याकडे त्याच लाइटचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब.’ अरुंद पुलावर दोघेही आपापला अर्थ लावून पुढे येतात. हॉर्नचंही तसंच. आंधळ्या वळणावर आपण कळवण्यासाठी वाजवतो, पाहुण्याला वाटतं कोणीतरी चिडलंय, आणि तो वळणातच करकचून ब्रेक मारतो.

डाव्या हाताची चूक

आता आपल्या माणसांकडे येऊ. पुण्या-कोल्हापूरहून येणारी मुलं घरी गिअरची बाईक चालवतात आणि इथे आल्यावर स्कूटर घेतात. बाईकवर डाव्या हाताला क्लच, स्कूटरवर त्याच जागी मागचा ब्रेक. एरवी काही बिघडत नाही. पण कुत्रं आडवं आलं की डावा हात क्लच समजून पूर्ण आवळला जातो, मागचं चाक जाम होतं आणि गाडी घसरते. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक (एक दाबला तरी दोन्ही चाकांना लागणारा) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे नव्या स्कूटरवर हे थोडं सावरतं. भाड्याची गाडी मात्र त्याआधीचीही असू शकते.

उपाय साधा आहे. गाडी ताब्यात घेतल्यावर मोकळ्या जागेत जा, वीसच्या वेगाने पाच-सहा वेळा दोन्ही ब्रेक एकदम दाबून थांबा. टायरची नक्षी बघा, आरसे आपल्या उंचीला लावा. कुणी जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट देऊ केली तर आधी पायाकडे बघा: तिच्यात गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. घाईच्या क्षणी हे आठवत नाही. सवय नसेल तर ती घेऊच नका.

किनाऱ्याजवळच्या वळणांवर वाऱ्याने वाळू पसरलेली असते. तिथे वेग वळणाआधी कमी करा, वळणात पुढचा ब्रेक नको. फेरीबोटीचंही तेच. जुन्या गोव्याहून दिवाडीला जाताना उतरायच्या लोखंडी फळीवर मी स्वतः पडलो आहे. फळी ओली होती, पुढचा माणूस थबकला, मी उजवा ब्रेक दाबला. माझा गुडघा फुटला. मागे बसलेल्या माझ्या मुलीचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. आता मी तिला आधी चालत उतरायला सांगतो आणि पुढची गाडी रस्त्याला लागेपर्यंत थांबतो.

पाटीचा रंग बघा

भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी शे-दोनशे रुपये स्वस्त पडते, पण ती खासगी वापराची असते. भाड्याने दिलेली असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. चालवणाऱ्याच्या लायसन्सचंही नीट बघा. नुसत्या चारचाकीच्या लायसन्सवर दुचाकी चालत नाही, बिनगिअरच्या लायसन्सवर बुलेट चालत नाही. परदेशी पाहुण्याच्या आंतरराष्ट्रीय परमिटवर मोटरसायकलच्या रकान्यात शिक्का आहे का, तेही गाडी देणाऱ्याने तपासलंच पाहिजे.

हेल्मेट कोपराला अडकवण्यासाठी नसतं. पट्टा लावून मागून पुढे ढकला. निघून आलं तर दुसरं मागा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही ते हवंच. मॅप लावला असेल तर मोड दुचाकीचा ठेवा, कारण मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. पावसाळ्यात रात्री डांबरावर गुरं बसलेली असतात, काळी म्हैस तर हेडलाइटमध्येही शेवटच्या क्षणी दिसते. आणि प्यायला असाल तर गाडी तिथेच ठेवा, टॅक्सी करा. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे, पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

परदेशात आपणच पाहुणे असतो तेव्हाही हेच लागू. व्हिएतनामला जाऊन बाईक घ्यायची टूम सध्या जोरात आहे. तिथे वाहतूक उजवीकडून चालते. शिवाय आपल्या आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे असतं, तर व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातला देश आहे. त्यामुळे आपलं परमिट तिथे चालत नाही, आणि लायसन्स वैध नाही म्हणून प्रवास विमाही अडतो. तिथे चालकासकट बाईक मिळते, ती घ्या.

आपल्याकडे रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा. त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १३४ अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, नाव सांगायचीही सक्ती नाही. गाडी आडवी लावून इंडिकेटर चालू ठेवा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा.