रडारसाठी सल्लागार शास्त्रज्ञ जमवताना

ग्रहमोहिमेवरच्या रडारसाठी सल्ला देणारा शास्त्रज्ञांचा गट जमवायचं काम पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी सोपा रस्ता धरला. ग्रहविज्ञानातली सतत कानावर पडणारी चौदा नावं लिहून काढली आणि सगळ्यांना एकच पत्र धाडलं. नऊ जण हो म्हणाले. त्यातले सात बर्फवाले. चार महिने बैठका अगदी गोडीत चालल्या, कारण वाद घालायला समोर कोणी नव्हतंच. पाचव्या महिन्यात एका अभियंत्याने विचारलं, "क्लटरचं काय ठरलं?" आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. कक्षेतून जमिनीखाली बघणाऱ्या रडारचा, म्हणजे साउंडरचा झोत चांगलाच रुंद असतो. खालच्या थरावरून परतलेला प्रतिध्वनी आणि बाजूच्या एखाद्या कड्यावरून परतलेला प्रतिध्वनी एकाच क्षणी अँटेनावर येऊन धडकू शकतात. रडारग्रामवर, म्हणजे प्रतिध्वनींपासून बनवलेल्या चित्रावर, दोन्ही सारखेच दिसतात: पृष्ठभागाखाली एक सुबक उजळ रेघ. बाजूने आलेल्या या खोट्या प्रतिध्वनींनाच क्लटर म्हणतात. ती बर्फाचा तळ आहे की शेजारचा डोंगर, हे भूरूपाचा नकाशा घेऊन, त्यावरून कुठून कुठून प्रतिध्वनी येतील याचं गणित मांडल्याशिवाय कळत नाही. आमच्या गटात ते गणित येणारा एकही माणूस नव्हता.

तेव्हा माणसांच्या आधी प्रश्न लिहा. "मंगळावरच्या बर्फाचा अभ्यास" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. सल्लागारांना तुमच्याकडून एक निर्णय हवा असतो, ज्यात एक गोष्ट मिळवायला दुसरी सोडावी लागते. साउंडरच्या बाबतीत तो बहुतेक वेळा खोली की बारकावा असा असतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स एक्सप्रेस यानावरचं मार्सिस हे साउंडर १.३ ते ५.५ मेगाहर्ट्झवर चालतं आणि किलोमीटरच्या हिशेबात खाली बघतं. मार्स रिकॉनसन्स ऑर्बिटर या यानावरचं शराड हे साउंडर २० मेगाहर्ट्झचं, बँडविड्थ (वापरलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी) १० मेगाहर्ट्झ. त्यामुळे निर्वातात १५ मीटर अंतरावरचे दोन थर ते वेगळे दाखवतं, बर्फात साधारण साडेआठ मीटरवरचे, पण मार्सिसइतकं खोल जात नाही. एका हिमनदीतज्ज्ञ बाईंना मी फोनवर मोठ्या उत्साहाने मोहीम समजावून सांगत होते. त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "तुम्हाला बर्फाचा माथा शोधायचाय की तळ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो फोन व्हायला हवा होता सल्लागारांकडून अर्ज मागवणारं आवाहन निघण्याआधी, झाला नंतर.

प्रश्न पक्के झाले की खुर्च्या मोजा. बर्फाचे आणि भूरचनेचे अभ्यासक आपसूक येतात, त्यांच्यासाठी धावाधाव नको. धावायचं ते पुढच्या लोकांसाठी.

एक, रेडिओलहरींच्या वाटेवरचा माणूस. मंगळावर दिवसा आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, कमी वारंवारतेच्या लहरींना अडवतं किंवा विस्कटतं, म्हणून मार्सिसची खोलवरची निरीक्षणं शक्यतो रात्रीची. गुरूकडे जाणार असाल तर गोष्ट आणखी वेगळी: गुरू स्वतःच डेकामीटर लहरींत, म्हणजे दहा-दहा मीटरच्या हिशेबातल्या लांब रेडिओलहरींत, प्रचंड गोंगाट करतो. गुरूच्या चंद्रांकडे निघालेल्या ज्यूस यानावरच्या राइम या साउंडरकडे फक्त ९ मेगाहर्ट्झ आहेत, त्यामुळे गुरूच्या चंद्राच्या गुरूकडे पाठ असलेल्या बाजूला त्याला जास्त शांतता मिळते. गुरूच्या युरोपा या चंद्रासाठीच्या युरोपा क्लिपर यानावरच्या रीझन या रडारला ९ च्या जोडीला ६० मेगाहर्ट्झही दिले आहेत. हा गोंगाट ओळखणारा माणूस गटात नसेल तर तुमचं निरीक्षणांचं वेळापत्रक कागदावरच सुंदर दिसेल.

दोन, प्रयोगशाळेतला माणूस. याला कोणीच बोलावत नाही आणि मला याचा मनापासून राग येतो. २०१८ साली मार्सिसच्या गटाने मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ दीड किलोमीटर खाली, सुमारे २० किलोमीटर रुंदीचा लखलखीत ठिपका दाखवला आणि त्याचा अर्थ द्रवरूप पाणी असा लावला. मग वाद पेटला: पाणीच कशावरून, चिकणमाती का नको, खारट बर्फ का नको? तो वाद शेवटी येऊन पोचतो एका प्रश्नावर, तितक्या थंडीत अमुक पदार्थ रडारला किती उजळ दिसतो? ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं.

तीन, न पटणारा माणूस. आपल्या चंद्राच्या ध्रुवांवरच्या विवरांत वर्तुळाकार ध्रुवण गुणोत्तर (रडारची गोल फिरणारी लहर त्याच फिरकीने किती परतली आणि उलट फिरकीने किती, याचं प्रमाण) जास्त दिसलं की काहींना बर्फ दिसतो. पण नुसत्या खडबडीत दगडधोंड्यांनीही ते वाढतं. चांद्रयान-२ वरचं रडार एल आणि एस अशा दोन पट्ट्यांत काम करतं आणि पूर्ण ध्रुवणमापन करू शकतं, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा सगळ्या बाजूंनी मोजू शकतं, ते याच तऱ्हेचे घोळ सोडवायला उपयोगी. तुमच्या मोहिमेच्या गृहीतकाविरुद्ध ज्याने पेपर लिहिलाय त्याला पहिलं पत्र पाठवा. तो चिडका असेल तर असू दे.

आवाहन दोन पानांच्या आत बसवा. कामाचे तास, बैठका किती, प्रवासखर्च कोण देणार, अहवाल केव्हा हवा, हे पहिल्याच पानावर. अर्जदाराकडून लांबलचक परिचयपत्र मागू नका. मी एक पान मागते आणि त्यात एका प्रश्नाचं उत्तर: "पृथ्वीवर पाठवता येणारा डेटा ऐनवेळी निम्मा झाला, तर तुम्ही काय सोडाल?" ज्यांना सगळंच महत्त्वाचं वाटतं ते लगेच ओळखू येतात. एकाने दोनच ओळी लिहिल्या होत्या: "दिवसाची निरीक्षणं सोडेन. रात्रीच्या कच्च्या डेटाला हात लावू देणार नाही." त्याला मी त्याच संध्याकाळी फोन केला.

हितसंबंधांचं मात्र सुरुवातीलाच लिहून टाका. आज सल्ला देणारा शास्त्रज्ञ उद्या त्याच उपकरणाच्या विज्ञानगटात जागा मागणार, हे क्षेत्र तेवढं लहान आहे. त्याला मनाई केलीत तर चांगली माणसं येणारच नाहीत. मनाई नाही केलीत तर बाहेरचे म्हणणार, यांनी स्वतःच्या मापाचा अंगरखा शिवून घेतला. मला जमलेला तोडगा असा: गटासमोर आलेला प्रत्येक कागद अहवालाबरोबर सर्वांसाठी खुला करायचा, आणि हे आवाहनातच सांगायचं. ज्याचा कागद खुला होऊ शकत नाही, उदाहरणार्थ एखाद्या कंपनीची अँटेनाची रचना, तो गटासमोर आणायचाच नाही.

ज्येष्ठांइतक्याच जागा तरुणांना द्या. अध्यापक सल्ला देतात, आकडे पोस्टडॉक काढून आणतो. आणि पहिल्या बैठकीला यांत्रिकी अभियंत्याला बोलवा. मार्सिसच्या पहिल्या २० मीटरच्या दांड्याचा एक सांधा मे २००५ मध्ये थंडीमुळे नीट अडकला नव्हता, यानाची ती बाजू उन्हाकडे वळवून तो बसवावा लागला. राइमचा अँटेनाही २०२३ मध्ये एका लहानशा खिळीपायी अडकून बसला होता. लांब अँटेना मागणाऱ्या शास्त्रज्ञाने हे ऐकलेलं बरं.

नकाराची पत्रं स्वतः लिहा आणि अर्ज जपून ठेवा. माझ्या पहिल्या खेपेला एका बाईंचा अर्ज मी बाजूला सारला होता, "ग्रहांवरचं काम नाही" असा शेरा मारून. त्या विमानातून अंटार्क्टिकाच्या बर्फावर रडार चालवत आणि डोंगरांचे खोटे प्रतिध्वनी वेगळे काढत. दुसऱ्या खेपेला मी यादी करण्याआधी त्यांना फोन लावला. जुन्या नकाराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भूरूपाचा नकाशा किती मीटरचा आहे तुमच्याकडे?"