उडालेला राघू परत कुठे बसतो, ते आधी बघा

पहिल्या वर्षी मी पक्ष्यांच्या मागे नुसती धावले. आमचं घर कुडाळ तालुक्यात, समुद्रापासून पंधराएक किलोमीटर आत. खळ्यासमोर, म्हणजे अंगणासमोर, विजेचा खांब आहे आणि त्याच्या तारेवर वेडा राघू बसतो. हा पोपट नव्हे, उडते किडे पकडणारा छोटा हिरवा पक्षी. तो उडाला की मी कॅमेरा घेऊन त्या दिशेला पळायची आणि मी पोचेपर्यंत तो माझ्या पाठीमागे पुन्हा तारेवर. पडवीत सुपारी कातरत बसलेल्या सासूबाईंनी चार दिवस हे पाहिलं. मग म्हणाल्या, “अगे, खंय धावतंस तेच्या पाठसून? तो परत थंयच येतलो बसाक.” मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. त्याच संध्याकाळी उडत्या पक्ष्याचा पहिला धड फोटो मिळाला.

म्हणून गावच्या घराभोवतीचे पक्षी उडताना टिपायचे असतील, तर पहिला आठवडा कॅमेरा कपाटात ठेवा आणि वही घेऊन बसा. कोण कुठे बसतं, किती वाजता येतं, उडाल्यावर त्याच जागी परततं का, एवढंच लिहा. वेडा राघू, कोतवाल, खंड्या हे बैठक धरून बसणारे. भक्ष्यावर झेप घ्यायची आणि पुष्कळदा त्याच फांदीवर परत यायचं. बगळे, घारी, धनेश यांची येण्याजाण्याची वाट पाहून ठेवायची. बैठकवाल्यांपासून सुरुवात करा. ते तुम्हाला पुन्हा पुन्हा संधी देतात.

आता वाऱ्याबद्दल सांगते, कारण हे कळायला मला दोन वर्षं लागली. पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे करतो. वारा तुमच्या पाठीवर आणि ऊनही पाठीवर असेल, तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून येतो आणि त्याच्या डोळ्यांत उजेड असतो. वारा समोरून येत असेल तर फोटोत फक्त शेपट्या मिळतात. आम्हा कोकणातल्या लोकांना यात निसर्गाची मोठी साथ आहे. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतात आणि सूर्यही पश्चिमेलाच कललेला असतो. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, तेव्हा सूर्य पूर्वेला. म्हणजे दोन्ही वेळा वारा आणि ऊन एकाच बाजूने! सकाळी पक्ष्याच्या पूर्वेला उभं राहायचं, संध्याकाळी पश्चिमेला. आमचं घर पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी पडवीतून बघितलं तर तारेवरचा राघू काळाच दिसतो. मी चार वाजता बसते आणि घराची सावली गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) पोचेपर्यंत, म्हणजे साधारण सव्वापाचपर्यंत, तिथून उठत नाही. तुम्ही घाटावर राहत असाल तर वाऱ्याची दिशा अशी आयती ठरलेली मिळणार नाही. दोरीवर वाळत घातलेलं लुगडं कुठे उडतंय ते बघा आणि त्याप्रमाणे जागा बदला.

तारेवरचा पक्षी सुंदर असला तरी फोटोत तार खटकते. मी गडग्याच्या दगडांत काजूची एक सुकी फांदी खोचली, पायरीपासून बारा पावलांवर. फांदी अंगठ्याएवढी जाड, तिरपी आणि पानं नसलेली हवी. मागे चाळीस-पन्नास पावलं मोकळी जागा आणि त्यामागे फणसाची गर्द झाडी, त्यामुळे पार्श्वभूमी आपोआप धूसर होते. पाचव्या दिवशी त्या फांदीवर कोतवाल बसला, आठव्या दिवशी राघू. धीर सोडून फांदीची जागा रोज बदलू नका.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. माझ्याकडे जुना वापरलेला डीएसएलआर आणि ७०-३०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स आहे. घराजवळच्या बैठकीसाठी ती पुरते. राघूसाठी शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/३२०० सेकंद ठेवते, घार आणि बगळ्याला १/१२५० ते १/१६०० चालतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ ५.६ किंवा ६.३. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर, पण वरची मर्यादा ३२०० ची. आयएसओ वाढल्यावर फोटोत थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला पंख दुरुस्त होत नाही. फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर हवा आणि तो शटरच्या बटणावरून काढून मागच्या, अंगठ्याखालच्या बटणावर द्यावा. एवढा एक बदल केल्यावर माझे निम्मे फोटो सुधारले. अंगठ्याने फांदीवर फोकस करायचा, अंगठा उचलायचा आणि वाट बघायची. राघू परत येताना दिसला की शटर दाबायचं. फोकस आधीच फांदीवर असतो, त्यामुळे कॅमेरा मागच्या फणसाकडे भरकटत नाही.

राघूचा उडतानाचा फोटो मिळतो, पण उतरतानाचा जास्त चांगला येतो. चोचीत मधमाशी किंवा चतुर, पंख पूर्ण उघडे, त्यांच्या आतली तांबूस झाक दिसते आणि शेपटीतली दोन बारीक पिसं मागे ताणलेली. बऱ्याचदा तो खालून वर चढत फांदीवर येतो, म्हणून फांदी चौकटीच्या वरच्या भागात ठेवा आणि खाली जागा सोडा. अगदी समोर बसलात तर तो सरळ लेन्सकडे येतो आणि फोकस चुकतो. दोन पावलं बाजूला सरकलं की तिरपा येतो आणि दोन्ही पंख स्पष्ट मिळतात. भक्ष्य फांदीवर आपटून झाल्यावर तो पुन्हा उडेल. आधी मान भराभर वळते, मग शरीर पुढे झुकतं, पिसं अंगाला घट्ट चिकटतात. मोठे पक्षी उडण्याआधी बऱ्याचदा शिटतात, तीही खूण समजा. पक्षी झुकला की दाबा. उडालेला दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. शंभर फोटोंत चार-पाच नीट आले तर तो दिवस मी चांगला धरते.

हाताला वळण लागण्यासाठी गायबगळे उत्तम. नांगरट चालू असली की ते बैलांच्या किंवा पॉवर टिलरच्या मागे असतात, आणि संध्याकाळी झाडावर मुक्कामाला रांगेने जातात. उड्डाण संथ आणि सरळ. कोपर छातीला टेकवा आणि हातांऐवजी कमरेतून वळा. पांढरा रंग उन्हात जळतो, पिसांतली एकही रेघ उरत नाही, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण स्टॉपने कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). आकाशातल्या घारीला उलटं: मागे उजळ आभाळ असतं, एक स्टॉप वाढवला नाही तर ती नुसती काळी आकृती होते. ब्राह्मणी घारीत तर डोकं पांढरं आणि पाठ विटकरी, तिथे मी पांढऱ्या डोक्याचा हिशोब धरते, म्हणजे ते जळणार नाही एवढंच एक्स्पोजर ठेवते.

परड्यातल्या (घरालगतच्या बागेतल्या) उंबराला फळं पिकली की कवड्या धनेश, हे मोठ्या चोचीचे काळे-पांढरे पक्षी, येतात. ती वेळ मी चुकवत नाही. ते एकत्र उडत नाहीत, एकामागून एक येतात, बहुतेक त्याच वाटेने. म्हणून पहिला धनेश निघाला की कॅमेऱ्याला हात न लावता त्याची वाट डोळ्यांनी बघायची: कुठल्या दोन माडांमधून गेला, किती उंचावरून. मग त्या दोन माडांच्या मधल्या जागेवर लेन्स धरून दुसऱ्याची, तिसऱ्याची वाट बघायची. चार-सहा वेळा पंख मारून तो तरंगतो. तरंगताना पंख पसरलेले असतात आणि काळ्या पंखांची पांढरी कड दिसते, तेव्हा दाबा. हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरं, तीही त्याच उंबरावर असतात, पण हिरव्या पानांत लपलेली. सगळा थवा एकदम फडफडत बाहेर पडतो. उठवण्यासाठी टाळी वाजवू नका, दगड तर मुळीच नको. घाबरून उडालेला पक्षी पाठ दाखवतो आणि खाणं सोडून जातो.

घरट्यांबद्दल मी फार कडक आहे, आणि ते एका चुकीतून आलं. पाणंदीच्या कापलेल्या दरडीत वेड्या राघूंनी बीळ केलं होतं. बिळाच्या तोंडाशी उतरताना फोटो मिळेल म्हणून मी सहा पावलांवर बसले. जोडी चोचीत चतुर घेऊन समोरच्या तारेवर येऊन बसली आणि बीळात शिरेना. अर्धा तास गेला. मी मागे वळून पन्नास पावलं लांब गेले, तशी त्या दोघांपैकी एक, मादी की नर ते कळलं नाही, क्षणात आत शिरलं. आत पिल्लं उपाशी होती आणि कारण मी होते. तेव्हापासून घरट्याचे फोटो बंद. धनेशाची मादी तर ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तिचं आणि पिल्लांचं सगळं अन्न नर आणतो. तो माणसाला बिचकून मागे फिरला तर ढोलीत जेवण पोचत नाही. ढोली सापडली तर कुणाला सांगूही नका.

जूनपासून कॅमेऱ्याला बुरशीचा धोका. घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा आणि लेन्स ठेवा. दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला असं समजा. मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात, पण त्यासाठी जुनं भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं वापरू नका.

आणि जमलं तर शेजारी एक माणूस बसवा. डोळा कॅमेऱ्याला लावला की आजूबाजूचं काही दिसत नाही, पक्षी कुठून येतोय ते दुसऱ्यालाच कळतं. सासूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत, सुपारी कातरणं सुटलंय, पण नजर शाबूत आहे. चारच्या सुमाराला मी पायरीवर बसते, त्या मागे खुर्चीत. माझी लेन्स फांदीवर, त्यांची नजर फणसाकडे. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग मागून हळूच येतं, “इलो गे,” आणि मी शटर दाबते.