फ्लटरमध्ये टॉगल स्विच टाकताय? या चुका टाळा

स्विच बोटाने ओढला, गोळा जरासा सरकला आणि लगेच माघारी आला. फ्लटरमध्ये, म्हणजे ॲप बनवायच्या गूगलच्या साधनात, पहिल्यांदा सेटिंग्जचा स्क्रीन करताना हे हमखास होतं.

फ्लटरचा स्विच चालू आहे की बंद, हे स्वतः लक्षात ठेवत नाही. 'व्हॅल्यू'त तुम्ही द्याल तेच तो दाखवतो. बोट लागलं की 'ऑनचेंज्ड'मधून नवी किंमत (चालू की बंद) तुमच्या हाती देतो. ती साठवून सेटस्टेट करणं, म्हणजे स्क्रीन नव्याने काढायला सांगणं, तुमचं काम. सेटस्टेट लिहूनही स्विच हलत नसेल, तर व्हेरिएबल कुठे लिहिलंय ते पाहा. ते स्क्रीन काढणाऱ्या बिल्ड मेथडच्या आत असेल, तर दर सेटस्टेटला बिल्ड नव्याने चालतं आणि व्हेरिएबल पुन्हा फॉल्स, म्हणजे 'बंद', होतं. त्याला बिल्डच्या बाहेर, स्टेट क्लासमध्ये न्या. स्विच फिका दिसतोय आणि दाबलाच जात नाही? मग 'ऑनचेंज्ड'ला नल, म्हणजे काहीच नाही असं, गेलंय.

ॲप बंद करून उघडल्यावर निवड टिकायला हवी, म्हणून शेअर्ड प्रेफरन्सेस (छोट्या निवडी फोनमध्ये साठवणारं पॅकेज) वापरतात. पण साठवलेली किंमत हाती यायला क्षणभर लागतो. तेवढ्यात स्विच 'बंद' दाखवलात आणि साठवलेली निवड 'चालू' निघाली, तर तो वापरणाऱ्याच्या डोळ्यांदेखत आपोआप 'चालू'वर सरकतो. किंमत येईपर्यंत स्विच दाखवूच नका.

मला सर्वांत जास्त खटकते ती चूक सूचनांच्या स्विचची. अँड्रॉइड १३ पासून सूचना पाठवायला वापरणाऱ्याची परवानगी लागते. त्याने ती नाकारली आणि तुमचा स्विच तरी हिरवागार, म्हणजे स्क्रीन त्याच्याशी खोटं बोलतोय. औषधाची आठवण लावून तो निर्धास्त बसेल आणि आठवण येणारच नाही! स्विच चालू करताना परवानगी तपासाच, शिवाय ॲप पुन्हा समोर आल्यावरही तपासा, कारण मधल्या वेळात फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कोणी ती काढलेली असू शकते. निवड सर्व्हरवर जात असेल तर तिथेही हेच: विनंती फसली की स्विच मागे घ्या आणि तसं सांगा.

नाव सरळ ठेवा. 'सूचना बंद ठेवा' हा स्विच चालू केला तर सूचना येणार की नाही, याचा विचार करत माणूस थबकतो. नुसतं 'सूचना' पुरे.

आणि रोमध्ये (आडव्या ओळीत) टेक्स्टशेजारी सुटा स्विच ठेवण्याऐवजी स्विचलिस्टटाइल, म्हणजे नाव आणि स्विच एकत्र असलेली फ्लटरची तयार ओळ, घ्या. अख्खी ओळ दाबता येते आणि टॉकबॅक (स्क्रीन वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) वापरणाऱ्या अंध व्यक्तीला स्विच कशाचा आहे तेही ऐकू येतं.