जिन्यावरचं लॅमिनेट: करकर कशी थांबवली

खोल्यांत लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या तयार फळ्यांची जमीन, छान बसलं, म्हणून जिन्यालाही तीच पद्धत वापरली. खाली फोम, वर एकमेकींत अडकवलेल्या फळ्या. महिनाभरात तिसरी पायरी करकरू लागली आणि नोझिंग, म्हणजे पायरीच्या पुढच्या कडेवरची पट्टी, पायाखाली हलायला लागली. उतरताना सगळा भार याच कडेवर येतो, त्यामुळे मी घाबरलोच.

सगळं उखडलं. खोलीत लॅमिनेट जमिनीला न चिकटवता नुसतं ठेवतात. जिन्यावर मात्र ते पायरीला पक्कं चिकटलेलंच हवं. फोम काढला, खालच्या लाकडी पायऱ्यांचे सैल भाग स्क्रूने आवळले. मग गोंदाने आधी पायरीचा उभा भाग चिकटवला, नंतर आडवा, शेवटी वरून बसणारी नोझिंग. तिला गोंदाबरोबर स्क्रूही मारले.

मापाचं नीट सांगतो, कारण खरी मेहनत तिथेच आहे. माझ्या जिन्याच्या दोन पायऱ्याही सारख्या निघाल्या नाहीत, कोपरेही काटकोनात नव्हते. प्रत्येक पायरीसाठी पुठ्ठ्याचा साचा कापला, त्यावर क्रमांक टाकला आणि फळी त्यावरूनच कापली. वेळ खूप गेला, पण एकही फळी वाया गेली नाही.

नंतर २४ तास जिन्यावर कुणालाही पाय ठेवू दिला नाही. आता रात्री कुणी उतरलं तरी आवाज येत नाही.