नाण्यांचे फोटो काढताय? या चुका टाळा

राणीछाप रुपया हातात घेतला की राणीच्या झग्यावरची नक्षी दिसते. फोटोत मात्र पांढरी चकती उरते. तांब्याच्या शिवराईवरचे ‘श्री राजा शिव’ बोट फिरवूनही वाचता येते, पण फोटोत नुसता काळा गोळा दिसतो. मग दोष कॅमेऱ्यावर जातो आणि मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स घ्यायचे बेत सुरू होतात. ती घाई नको. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची झूम लेन्स ५५ वर ठेवून जमेल तितकी जवळ नेली, तर साधारण ३०.५ मिमी व्यासाचा रुपया फ्रेमची निम्मी उंची तरी व्यापतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात हे सुमारे २००० पिक्सेल होतात, आणि तेवढ्यात नाणे उत्तम दिसते. फोटो बिघडतो तो उजेडाच्या जागेमुळे.

फोटोसाठी नाणे घासणे

ही एकच चूक अशी आहे, जी पुन्हा फोटो काढून सुधारत नाही. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांतले काहीही नाण्याला लावू नका. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर हा नाण्याच्या वयाचा दाखला असतो. तो गेला की खाली गुलाबी, कोरडे तांबे उघडे पडते आणि घासल्याचे बारीक ओरखडे दिव्याखाली सगळ्यांत आधी चमकतात. संग्राहक ते लगेच ओळखतो आणि नाण्याची किंमत उतरते.

धूळ रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीच्या थेंबांचे डाग तांब्यावर कायमचे बसतात. नाणे नेहमी कडेवर धरा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या उन्हाळ्यात बोटे सतत घामेजलेली असतात. तेव्हा हात धुऊन, पुसून कोरडे करा किंवा पातळ मोजे घाला. आज न दिसणारा बोटाचा ठसा काही आठवड्यांनी काळा पडून वर येतो.

नाणे हाताळताना खाली टॉवेलची जाड घडी ठेवा. आपल्या गावात टॉवेलला तोटा नाही, आणि शहाबादी फरशीवर पडलेल्या रुपयाची कड हमखास चेपते. फोटोची पार्श्वभूमी म्हणून मात्र टॉवेल किंवा चादर वापरू नका. सुताचे तंतू नाण्यावर चिकटतात आणि चादरीचा लाल-हिरवा रंग चांदीत उतरतो.

सगळ्या नाण्यांना एकच उजेड

पाकिटात किंवा अल्बममध्ये ठेवूनच काढलेला फोटो आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारून काढलेला फोटो, या दोन्हींत नाणे सपाट आणि चकाकलेले दिसते. नाणे बाहेर काढा, फ्लॅश बंद करा. वाकणाऱ्या मानेचे दोन टेबललॅम्प घ्या आणि लेन्स वरून सरळ खाली रोखा. नाणे म्हणजे घड्याळाची तबकडी असे समजून एक दिवा १० च्या बाजूला आणि दुसरा २ च्या बाजूला ठेवा.

आता दिवा किती उंच ठेवायचा, ते नाण्यावर ठरते. झिजलेल्या शिवराईला किंवा ढब्बू पैशाला उजेड कमी उंचीवरून, टेबलापासून २० ते ३० अंशांवरून हवा. अक्षरांच्या उरलेल्या उठावाच्या सावल्या तेव्हाच पडतात. अशा नाण्याला बऱ्याचदा एकच दिवा पुरतो. दुसऱ्याने सावल्या पुसल्या जातात. चांदीच्या चांगल्या रुपयाला हाच कमी उंचीचा उजेड दिला तर खिशात फिरून पडलेला प्रत्येक ओरखडा दरीसारखा दिसेल. त्याला दिवे ६० ते ७० अंशांवर, लेन्सच्या जवळ आणा. न वापरलेले नाणे कलवले की त्यावर चमकेचे दोन पट्टे पंख्याच्या पात्यांसारखे फिरतात. ते पकडायचे असतील तर दिव्यावर ट्रेसिंग पेपर लावू नका. कागदाने उजेड पसरतो आणि ती चमक मरते. काळपट, रंग चढलेल्या किंवा खूप ओरखडे असलेल्या नाण्याला मात्र तोच कागद उपयोगी पडतो.

प्रूफ नाण्याची, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्याची, जमीन (चित्राभोवतीची मोकळी जागा) आरशासारखी असते. दिवे बाजूला ठेवले की ती काळी येते आणि चित्र पांढरे उठते. बहुतेकांना हेच हवे असते. जमीनच उजळ हवी असेल तर फोटोफ्रेमवाल्याकडून २ मिमी जाडीची स्वच्छ काच आणा. लेन्स आणि नाणे यांच्या मध्ये ती ४५ अंशांत तिरपी धरून बसवा आणि दिवा बाजूने काचेवर सोडा. काचेवर परतलेला उजेड सरळ नाण्यावर उतरतो. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळा कागद लावायला विसरू नका, नाहीतर खोलीचे प्रतिबिंब फोटोत येईल.

अक्षरे खोल गेल्यासारखी दिसतात

हा दोष फार जणांच्या फोटोत येतो आणि कारण सापडत नाही. आपल्या डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय आहे. फोटोत तो खालून आला की मेंदू उठावाला खड्डा समजतो. राजाचा चेहरा आत दबलेला दिसतो.

दिवे १० आणि २ वर असूनही हे घडते, विशेषतः फारसी मजकुराच्या नाण्यांत. तुळजापूर, नळदुर्ग हा भाग निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हाली सिक्क्याची नाणी सोलापुरात बऱ्याच घरांत निघतात. चारमिनारची बाजू सरळ लावणे सोपे. मागचा फारसी मजकूर मात्र उलटा ठेवला जातो. चूक नंतर कळते, मग संगणकावर फोटो १८० अंश फिरवला जातो. फोटोबरोबर उजेडही फिरतो आणि वरचे दिवे खाली जातात. म्हणून आधी नाणे फिरवा, मग फोटो काढा. फारसी वाचता येत नसेल तर त्याच प्रकारच्या नाण्याचे सूचीतले चित्र शेजारी उघडून ठेवा.

मोगल रुपयांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. ठसा नाण्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग कडेबाहेर गेलेला असतो. औरंगजेबाच्या काळात सोलापुरातही रुपये पाडले जात, आणि टांकसाळीचे नाव कडेला अर्धेमुर्धेच उरलेले असू शकते. फोटो गोल कापताना तेवढाच भाग छाटला गेला, तर नाण्याची ओळखच जाते. चारही बाजूंना थोडी जागा सोडा.

तांबे राखाडी, चांदी पिवळी

खिडकीचा उजेड, छताची ट्यूब आणि टेबललॅम्प एकत्र आले की कोणताच रंग खरा येत नाही. ट्यूब बंद करा, पडदा ओढा, दोन्ही दिव्यांत एकाच खोक्यातले ५००० केल्व्हिनच्या आसपासचे, रंग अचूक दाखवणारे एलईडी लावा. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचा रंग जुळवणारी सेटिंग) ‘ऑटो’ ठेवू नका. फ्रेमभर तांबे दिसले की कॅमेरा ते ‘जास्त लाल’ समजून राखाडीकडे ओढतो. त्याच दिव्यांखाली ग्रे कार्डचा (रंग जुळवण्यासाठीच्या राखाडी पुठ्ठ्याचा) फोटो घेऊन व्हाइट बॅलन्स पक्का करा. ग्रे कार्डाऐवजी छपाईचा पांढराशुभ्र कागद चालत नाही. बऱ्याच कागदांत शुभ्रपणासाठी निळसर चकाकी देणारे द्रव्य असते.

फोटोत आडवे काळे पट्टे आले तर दिवा लुकलुकतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवा.

काळ्या कागदावर चांदीचा रुपया ठेवला की कॅमेरा अंधार पाहून उजेड वाढवतो आणि रुपया जळतो. मॅन्युअलवर या, हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकणार नाही इतके एक्स्पोजर ठेवा.

धूसर फोटो

आधी फोटो पूर्ण मोठा करून पाहा.

एक बाजू स्पष्ट आणि समोरची धूसर असेल, तर कॅमेरा नाण्याला समांतर नाही. ३० मिमीचे नाणे ३ अंश कलले तरी दोन कडांच्या उंचीत दीड मिमीचा फरक पडतो. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि स्क्रीनवर लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब पाहा. ते बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवा. पाण्याच्या लेव्हलपेक्षा हा उपाय पक्का आहे.

सगळाच फोटो धूसर असेल, तर बहुधा हलला आहे. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, ट्रायपॉडवर असताना लेन्सचे स्टॅबिलायझेशन (हादरे सावरण्याची सोय) बंद करा, आणि उकाडा असला तरी तेवढ्यापुरता पंखाही. यंत्रमागाच्या शेजारी घर असेल तर माग चालू असताना टेबल सतत थरथरते. टेबलावर पाण्याने भरलेली वाटी ठेवा. पाण्यावर तरंग दिसले तर माग थांबल्यावरच फोटो काढा.

‘सगळे स्पष्ट यावे’ म्हणून एफ २२ वर, म्हणजे लेन्सच्या फार बारीक छिद्रावर, जाणे हीसुद्धा चूकच. इतक्या जवळून तेवढ्या बारीक छिद्रातून उजेड फाकतो आणि बारकावे मऊ पडतात. एफ ८ ते एफ ११ पुरे. जाड, ओबडधोबड शिवराईला एफ ११ घ्या.

पट्टी चुकीच्या उंचीवर

पार्श्वभूमी धूसर यावी म्हणून नाणे बाटलीच्या झाकणावर उचलून ठेवणे चांगले. पण मापपट्टी खाली कागदावर राहिली तर माप खोटे येते. लेन्स ३० सेंमीवर आणि नाणे दीड सेंमी उचललेले असेल, तर पट्टी सुमारे ५ टक्के लहान दिसते, म्हणजे ३०.५ मिमीचा रुपया ३२ चा भासतो. पट्टीही नाण्याच्या पृष्ठभागाइतकी उचला.

कडेचा फोटो बहुतेक जण काढतच नाहीत. १९३९ च्या चांदीच्या रुपयाच्या नकली प्रती पुष्कळ फिरतात, आणि अशा नाण्याची कड पाहिल्याशिवाय जाणकार मत देत नाही. नाणे रबराच्या चिरेत उभे करा, कड थोडी थोडी फिरवत तीन-चार फोटो घ्या. सोबत वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा.

शेवटच्या टप्प्यावर बिघडवणे

रंग गडद करणे, शार्पनेस ओढणे टाळा. ओढलेल्या शार्पनेसमुळे कडांभोवती पांढरी रेघ येते आणि ती दुहेरी ठशासारखी भासते. फोटो एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीनवर चालणाऱ्या रंगपद्धतीत) साठवा, नाहीतर इतरांच्या स्क्रीनवर रंग फिके पडतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पाठवण्याआधी मांडणी तपासून घ्यायची असेल तर अलीकडचे कोणतेही चलनी नाणे त्याच दिव्यांखाली ठेवा. वर्षाच्या आकड्याखाली मुंबईच्या टांकसाळीचा बारीक चौकट-हिरा, हैदराबादचा तारा किंवा नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याची खूण नसते. फोटोत हिरा आणि ठिपका वेगळे ओळखू आले नाहीत, तर पुन्हा आरसा ठेवून लेन्स समांतर आहे का ते पाहा.