रिमोट व्ह्यूइंगचा सराव: पाकीट उघडण्याआधी ठरवायच्या गोष्टी

रिमोट व्ह्यूइंग म्हणजे डोळ्यांआड असलेल्या ठिकाणाचं किंवा फोटोचं नुसत्या मनाने वर्णन करायचा प्रयत्न. ज्याचं वर्णन करायचं ते 'टार्गेट', इथे बंद पाकिटातला फोटो. याचं सेशन घेणं अवघड नाही. कोरे कागद, पेन आणि वीस मिनिटं पुरतात. कस लागतो तो नंतर, कागदावरचं वर्णन टार्गेटशी जुळलं की नाही हे ठरवताना. आधी पाकीट उघडलं आणि मग कागदाकडे पाहिलं, तर काही ना काही जुळतंच. त्यात टार्गेट मुंबईतली असतील तर विचारायलाच नको. 'पाणी, गर्दी, काहीतरी उंच' एवढं लिहिलं की अर्धी मुंबई त्यात बसते. म्हणून मेहनत घ्यायची ती पाकीट उघडण्याच्या आधी.

सुरुवात फोटोंपासून करा. एका मालिकेत २० सेशन धरा. प्रत्येक सेशनला चार फोटोंचा स्वतंत्र संच लागतो, म्हणजे एकूण ८० फोटो. ४ बाय ६ आकाराचे प्रिंट काढा आणि प्रत्येकाच्या दोन प्रती ठेवा. दुसरी प्रत कशाला, ते पुढे येईलच. संचातले चार फोटो एकमेकांपासून जितके वेगळे, तितकं चांगलं. कान्हेरीच्या लेण्याचा अंधारा दगडी अंतर्भाग, सी लिंकच्या केबल्स, दादरचा फुलबाजार आणि ओहोटीला उघडी पडलेली शिवडीची चिखलपट्टी, हा चांगला संच. गेटवे, बाणगंगा, हाजी अली आणि गिरगाव चौपाटी हा वाईट. 'दगडी पायऱ्या, खाली पाणी, माणसं' असं वर्णन आलं तर ते बाणगंगेचं की गेटवेच्या धक्क्याचं? परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी त्याला नाणंच उडवावं लागेल. ऋतूही सांभाळा. जुलैत सेशन चालू असताना पाहणारा 'ओलं, राखाडी आभाळ' लिहिणारच, कारण खिडकीबाहेर तेच आहे. संचात एकच फोटो पावसाळ्यातला असेल तर त्याला फुकटचा गुण मिळतो. एका संचातले चारही फोटो एकाच ऋतूतले घ्या.

किमान तीन माणसं हवीत: टार्गेट निवडणारा, पाहणारा आणि परीक्षक. फोटो गोळा करायचं काम निवडणाऱ्याचं. पाहणाऱ्याने ते आधी पाहिलेले नसावेत. 'मी पण चार फोटो देतो' असं त्याने म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. प्रत्येक संचातल्या फोटोंच्या मागे अ, ब, क, ड लिहून ठेवा. मग निवडणाऱ्याने एकट्याने फासा टाकायचा: १ पडला तर अ, २ पडले तर ब, असं ४ पर्यंत. ५ किंवा ६ पडले तर पुन्हा टाका. 'मनाला येईल तो' निवडायचा नाही. माणसाच्या मनाला आधी सी लिंक येते, आणि पाहणाऱ्याच्याही मनाला आधी तीच येते.

निवडलेला फोटो दोन काळ्या कार्डशीटच्या मध्ये ठेवून तपकिरी पाकिटात घाला, चिकटवलेल्या जागेवर सही करा आणि पाकिटावर फक्त सेशनचा क्रमांक लिहा. पाकीट निवडणाऱ्याच्याच कपाटात राहील. पाहणाऱ्याला ते हातात धरण्याचं काही कारण नाही, त्याला क्रमांक कळला की झालं. टार्गेट माहीत असलेला माणूस सेशनच्या वेळी खोलीत नको आणि फोनवरही नको. एखादं 'हं' किंचित लांबलं तरी पाहणारा त्या दिशेने सरकतो, आणि हे दोघांनाही कळत नाही.

काही जण माणूस पाठवून सराव करतात: मित्र एखाद्या ठिकाणी जाऊन उभा राहतो आणि पाहणारा घरी बसून वर्णन करतो. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुथॉफ यांनी १९७० च्या दशकात असेच प्रयोग केले. मुंबईत या प्रकारात माहितीची गळती फार. दादरहून निघालेला माणूस अर्ध्या तासात कुठवर पोचेल, हे लोकलने फिरणाऱ्या कुणालाही सांगता येतं. शिवाय परत आल्यावर त्याच्या चपलांना लागलेली वाळू बोलतेच. सरावाला फोटोच बरे.

सेशनसाठी घरातली शांत वेळ निवडा. पाणी यायची आणि कुकर लावायची वेळ टाळा. रेघा नसलेला ए-फोर कागद घ्या आणि वर फक्त सेशनचा क्रमांक लिहा. तारीख लिहू नका, आधीच्या सेशनचा उल्लेखही नको. ही बारीक गोष्ट वाटते, पण या विषयातली सगळ्यात गाजलेली चूक हीच आहे. टार्ग-पुथॉफ यांच्या प्रयोगांतल्या काही नोंदी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन यांनी तपासल्या, तेव्हा त्यांत तारखा आणि आधीच्या टार्गेटचे उल्लेख सापडले. परीक्षकांकडे ठिकाणांची यादीही भेटींच्या क्रमानेच गेली होती. तेवढ्या धाग्यांवरून, वर्णन न वाचताही, कुठली नोंद कुठल्या ठिकाणाची ते लावता येत होतं. त्यांचा हा आक्षेप १९७८ साली 'नेचर'मध्ये छापून आला. म्हणून तारीख-वेळ वेगळ्या वहीत, आणि ती वही परीक्षकाला दाखवायची नाही.

कागदावर आधी विशेषणं येऊ द्या: ओलं, खडबडीत, थंड, उभं, पोकळ. मग रेघा आणि आकार, मग मोठं चित्र. नाव सुचलं, म्हणजे 'हाजी अली' असं एकदम डोक्यात आलं, तर ते उजव्या समासात लिहून खाली रेघ मारा आणि पुढे चला. या पद्धतीत अशा नावाला 'ॲनॅलिटिकल ओव्हरले' म्हणतात. नाव एकदा पकडलं की पुढची दहा मिनिटं माणूस आठवणीतला हाजी अलीच रंगवत बसतो. कुकरची शिट्टी झाली, लिफ्टचं दार आपटलं, तर तेही समासात टिपा. त्यानंतर लगेच 'वाफ' किंवा 'लोखंड' आलं तर ते कुठून आलं ते दिसेल. पंधरा-वीस मिनिटांत थांबा. कागदाचा फोटो काढून लगेच या तिघांबाहेरच्या कुणालातरी पाठवा. त्यानंतर एक अक्षरही घालायचं नाही.

आता परीक्षण. परीक्षकाला नोंद आणि त्या संचातले चारही फोटो अ-ब-क-ड या क्रमानेच द्यायचे, तेही दुसऱ्या प्रतीतले. पाकिटात गेलेल्या प्रिंटला बोटांचे ठसे, दुमडलेला कोपरा असं काहीतरी लागलेलं असतं आणि तेवढ्यावरून ते ओळखू येतं. परीक्षकाने चौघांना १ ते ४ क्रमांक द्यायचे, सगळ्यात जुळणाऱ्याला १. बरोबरी नाही, 'जवळजवळ' नाही, अर्धा गुण नाही. क्रमांक लिहून सही झाली की मगच पाकीट फोडायचं आणि पाहणाऱ्याला टार्गेट दाखवायचं.

हिशोब सोपा आहे. नुसत्या नशिबाने २० पैकी सरासरी ५ वेळा खरं टार्गेट पहिलं येईल. ८ किंवा जास्त वेळा यायची शक्यता सुमारे १० टक्के, ९ किंवा जास्त वेळा यायची सुमारे ४ टक्के. म्हणजे ७ आले म्हणून पेढे वाटू नका. दुसरा मार्ग म्हणजे खऱ्या टार्गेटला मिळालेल्या क्रमांकांची बेरीज करायची. नशिबाने ती ५० च्या आसपास येते. ४१ किंवा कमी आली तर दखल घेण्यासारखी. दोन्हींपैकी कुठला निकष धरणार, ते पहिल्या सेशनआधी वहीत लिहा. दोन्ही मोजून त्यातला बरा सांगायचा नाही.

आकडा आधी ठरवून चाचणी कशी घ्यायची, याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण म्हणजे जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर घेतलेली फलज्योतिषाची चाचणी. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या होत्या, त्यातली कुठली हुशार मुलाची आणि कुठली मतिमंद मुलाची एवढंच ओळखायचं होतं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती.

मालिका कुठे फसते? बहुतेक वेळा मधेच थांबण्यात. बाराव्या सेशनला ६ बरोबर झाले म्हणून 'आता पुरे' म्हटलं की हिशोब बाद. 'आज डोकं दुखत होतं' म्हणून सेशन वगळायचं असेल तर ते पाकीट फोडण्याआधी जाहीर करा, नंतर नाही. गटात सराव करत असाल तर आणखी एक गंमत: २० जणांनी प्रत्येकी एक मालिका केली, तर निव्वळ योगायोगाने निदान एकाला तरी ९ किंवा जास्त मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. त्या एकाचाच निकाल सांगायचा आणि बाकीचे एकोणीस विसरायचे, असं सर्रास होतं. परीक्षकाचाही कस घ्या. मधूनमधून कुठल्याच टार्गेटसाठी सेशन न करता, उगाच लिहिलेली एखादी गुळमुळीत नोंद, 'पाणी, माणसं, उजेड' छापाची, त्याच्याकडे सरकवा. ती मोजायची नाही. पण अशा नोंदींवर तो दर वेळी समुद्राचाच फोटो पहिला लावत असेल, तर संच पुन्हा बांधायला हवेत.

अमेरिकी सरकारने रिमोट व्ह्यूइंगवर वीसेक वर्षं पैसे घातले. १९९५ साली मूल्यमापन झालं. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स यांना परिणाम खरा वाटला, मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांना पुरावा अपुरा वाटला. गुप्तहेरांना प्रत्यक्ष वापरता येईल अशी माहिती मिळाल्याचं काही दिसलं नाही आणि 'स्टार गेट' हा सरकारी प्रकल्प बंद झाला. मुख्य प्रवाहातलं विज्ञान आजही हे मानत नाही.

तुमच्या मालिकेत ९ आले तर जुन्या नोंदी पुन्हा वाचत बसू नका. नवे फोटो, नवा परीक्षक आणि ४० सेशनची मालिका आखा; तिथे निकष १६ चा धरा. जुन्या संचांचे फोटो कुणी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले असतील, तर ते संच पुन्हा वापरायचे नाहीत.