टेलिफोटो झूम घेताना या चुका टाळा

"दादा, टेलिफोटो झूम किती एमएमची घेऊ?" फोन आला की पहिला प्रश्न हाच असतो. टेलिफोटो म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स; एमएमचा आकडा मोठा, तितकं जास्त जवळ. माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे: तू उभा कुठे राहणार आहेस, आणि किती वाजता? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही त्याने अजून लेन्स घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मंडळांच्या कबड्डी स्पर्धा, बालेवाडीतलं ॲथलेटिक्स, मॅरेथॉन, घाटातल्या (चढाच्या धावपट्टीवरच्या) बैलगाडा शर्यती, थंडीत भिगवणचे पक्षी, हे सगळं मी वर्षानुवर्षं टिपत आलोय. कष्टाचे पैसे चुकीच्या लेन्सवर गेलेले इतक्यांदा पाहिलेत की आता लिहूनच ठेवतो.

आकडा बघून घेतलेली लेन्स

हिंजवडीत नोकरीला लागलेला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्याबरोबर कबड्डीला आला. आठ महिने पैसे साठवून त्याने नवीकोरी १५०-६०० घेतली होती. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, संध्याकाळी सातची वेळ, मैदानाच्या चार कोपऱ्यांत खांबांवर दिवे. पोचलो आणि अर्ध्या तासात त्याचा चेहरा पडला.

पहिली अडचण अंतराची. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. अंतिम रेषेच्या मागे उभं राहिलं तर मध्यरेषा फार तर आठ मीटरवर, आणि चढाई करणारा तिथून पुढे तुमच्याकडेच येतो. आठ मीटरवर १५० एमएमने क्रॉप कॅमेऱ्याच्या आडव्या फ्रेममध्ये मावते सव्वा मीटर रुंद जागा, आणि उंची एक मीटरसुद्धा नाही. हात-पाय ताणून बोनस मारणारा खेळाडू यात बसत नाही, त्याला घेरणारी साखळी तर विसराच. मुलगा मागे सरकत गर्दीत गेला, तर समोर लोकांची डोकी.

दुसरी अडचण उजेडाची, आणि ती मागे सरकून सुटत नाही. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त; आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदना. माझ्या ७०-२०० एफ/२.८ वर त्या दिव्यांत मला १/१००० सेकंदाच्या शटरला आयएसओ ४००० लागत होता. त्याची लेन्स १५० वर एफ/५ देते, थोडी पुढे फिरवली की एफ/५.६. एफ/२.८ आणि एफ/५.६ यांत दोन स्टॉपचा फरक (दर स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे चौपट उजेडाचा. तोच फोटो त्याला हवा असेल तर आयएसओ १६०००, नाहीतर शटर १/२५० वर उतरवा. १६००० वर त्याच्या कॅमेऱ्यात खेळाडूंच्या चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखं दिसत होतं, आणि १/२५० वर पकडीतले हात पुसले जात होते. रात्री हजाराच्या वर फोटो घेऊन तो घरी गेला. ठेवण्यासारखे निघाले ते थांबलेल्या खेळाडूंचे.

पुढच्या सामन्याला मी त्याला तासभर माझी लेन्स दिली. त्याला काही समजवावं लागलं नाही. महिन्याभरात त्याने १५०-६०० तोट्यात विकली आणि जुन्या पिढीची वापरलेली ७०-२०० एफ/२.८ घेतली. मला आजही त्या आठ महिन्यांच्या बचतीचं वाईट वाटतं, कारण ही चूक एका संध्याकाळीत, फुकटात टळली असती.

कशी, ते सांगतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ सगळ्यांकडे असते. ती ५५ वर नेली की सर्वांत मोठं छिद्र एफ/५.६, म्हणजे स्वस्त टेलिफोटो झूम देते जवळपास तेच. ज्या मैदानावर फोटो काढणार तिथे, त्याच वेळेला जा. शटर १/१०००, लेन्स ५५ वर, आयएसओ ऑटोवर आणि त्याची कमाल मर्यादा पूर्ण वर. खेळाडूंवर नेम धरून एक फोटो काढा आणि कॅमेऱ्याने आयएसओ किती मागितला ते बघा. १६०० मागितला तर ५५-२५० किंवा ७०-३०० तुम्हाला छान चालेल, उगाच जास्त खर्च करू नका. १२८०० मागितला तर एफ/२.८ शिवाय त्या मैदानावर भागणार नाही. मी नवख्यांना हा प्रयोग करायला सांगतो, आणि दहातले आठ जण तो न करता थेट हप्ता बांधतात. याचा मला खरंच राग येतो.

जागेचंही तसंच. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, ॲथलेटिक्सचा ट्रॅक भव्य आहे. पण पास नसेल तर तुम्ही गॅलरीत, आणि समोरच्या लेनवर ७०-२०० तोकडी पडते. तिथे १००-४०० हवी, आणि दिवसाउजेडी तिला एफ/५.६ पुरतं. डिसेंबरातल्या मॅरेथॉनला उलट: रस्त्याच्या कडेला धावपटू हातभरावरून जातात, ऊन वर आलं की साधी ७०-३०० सुद्धा सोनं आहे. आणि गहुंजेच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना टिपायचा म्हणून कोणी ६०० घेत असेल तर आधी तिकिटावरचे नियम वाचा. प्रेक्षकाला मोठा कॅमेरा आत नेऊ देत नाहीत.

"स्टॅबिलायझर आहे ना!"

निकॉन व्हीआर म्हणते, कॅनन आयएस, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस. काम एकच: तुमच्या हाताची थरथर सावरणं. धावणारा माणूस त्याने थांबत नाही. समोरच्याला थांबवतं फक्त शटर. कबड्डीला मी १/८०० च्या खाली जात नाही, बैलगाड्याला १/१२५०, उडत्या सुरय पक्ष्याला १/२०००. १/१००० च्या वर शटर असलं की मी स्टॅबिलायझर बंदच करतो, ही माझी सवय आहे. पॅनिंग करताना, म्हणजे धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवताना, मात्र मोड २ वर चालू ठेवतो.

माउंट बसला म्हणजे लेन्स चालली असं नाही

माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते तो भाग. निकॉनवाल्यांनी हे नीट वाचावं. जुनी एएफ-डी ८०-२०० एफ/२.८ सेकंडहँड बाजारात मोह पडेल अशा किमतीत मिळते, काचही उत्तम. पण तिच्यात फोकसची मोटर नाही, ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते. डी ३५०० किंवा डी ५६०० मध्ये ती मोटरच नाही, त्यामुळे रिंग हाताने फिरवावी लागते. जुन्या लेन्स नव्या झेड कॅमेऱ्यांवर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावला तरी तेच. उलट दिशेने, नव्या एएफ-पी लेन्स डी ९० किंवा डी ३२०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाहीत. कॅननवाल्यांना एकच सांगतो: ७५-३०० स्वस्त दिसते, पण स्टॅबिलायझर नाही आणि मोटर संथ. क्रॉप कॅमेरा असेल तर ५५-२५० आयएस एसटीएम घ्या.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली घेतलेली सेकंडहँड लेन्स

वापरलेली लेन्स घ्यायला माझा अजिबात विरोध नाही. माझ्या बॅगेतल्या बहुतेक वापरलेल्याच आहेत. घाईत घ्यायला विरोध आहे, आणि तो मी पैसे भरून शिकलोय.

२०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि कित्येक वर्षं बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या. २०२२ च्या यात्रांसाठी मी अक्षरशः अधीर झालो होतो. माझी ७०-२०० नेमकी दुरुस्तीला गेलेली. यात्रेच्या तीन दिवस आधी पेठेतल्या एका दुकानात तीच लेन्स वापरलेली मिळाली. काच स्वच्छ, रिंग गुळगुळीत. काउंटरवरच्या माणसाचा एक फोटो काढला, मधोमध चेहरा, एकदम धारदार. पैसे दिले, निघालो.

घाटात मी निशाणाच्या पुढे, कठड्याबाहेर उभा होतो. बारी (बैलांची एक धाव) सुटली की समोरून चढ चढत घोडी येते आणि तिच्यामागे बैल, सगळा खेळ काही सेकंदांचा. पहिल्या पाच-सहा बाऱ्या झाल्यावर स्क्रीन मोठी करून बघितली. उजवीकडच्या बैलाच्या डोळ्यातली चमक दिसतेय, डावीकडचा बैल मात्र ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. आधी वाटलं, एफ/२.८ ला फोकसची खोली कमी, डावा बैल थोडा मागे असेल. पुढच्या बाऱ्यांना डाव्या बैलावर फोकस धरला. तरी तेच. तेव्हा शंका आली. मधल्या वेळेत समोरच्या मांडवाच्या कापडाचा एक फोटो सरळ काढला आणि दुसरा, कॅमेरा पूर्ण उलटा धरून. सरळ फोटोत मांडवाची डावी बाजू मऊ होती, उलट्या फोटोत उजवी. म्हणजे दोष मांडवात नाही, फोकसमध्येही नाही. लेन्सची एक बाजूच मऊ आहे. नंतर दुरुस्तीवाल्याने उघडून सांगितलं की लेन्स कधीतरी आपटलेली आहे आणि आतला काचांचा एक संच जागेवरून हललाय. दुकानदाराने हात वर केले. दुरुस्तीचा खर्च माझा, आणि इतक्या वर्षांनी आलेल्या त्या यात्रेतले अर्धे फोटो गेले ते गेलेच.

तेव्हापासून मी वापरलेली लेन्स अशी बघतो. आधी फिल्टरच्या रिंगवर पोचा आहे का आणि माउंटचे स्क्रू कोणी खरवडलेत का. मग अंधाऱ्या कोपऱ्यात मागून टॉर्च मारून समोरून बघायचं. धूळ असली तर चालते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स खाली ठेवायची. आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्समध्ये हे हमखास दिसतं. त्यानंतर भिंतीवर वर्तमानपत्राची दोन पानं सरळ चिकटवून पूर्ण उघड्या छिद्राने झूमच्या दोन्ही टोकांना फोटो, आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचायची. एखादा कोपरा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मऊ असेल तर कितीही स्वस्त असली तरी नको.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. विक्रेत्याला सांगून लेन्स बाहेर नेतो आणि समोरून येणाऱ्या पीएमपीच्या बसवर सलग दहा-पंधरा फोटो मारतो, फोकस कंटिन्युअसवर. प्रत्येक फोटोत नंबरप्लेट वाचता येते का बघायचं. पहिल्या एक-दोन चुकल्या तर हरकत नाही. बस जवळ येत जाते तशा सगळ्याच चुकत असतील तर मोटर दमलीय, किंवा ती लेन्स मुळातच ॲक्शनसाठी नाही. जो विक्रेता रस्त्यावर न्यायला नाही म्हणतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

थोडक्यात उरलेल्या

डब्यावर "४.५-६.३" असं लिहिलेलं असतं त्यातला दुसरा आकडा वाचा, कारण तुम्ही कायम झूमच्या त्याच टोकाला असणार. लेन्सचे एमएम दुप्पट करणारा २एक्स टेलिकन्व्हर्टर दोन स्टॉप खातो, म्हणजे एफ/५.६ ची लेन्स एफ/११ होते. अशा लेन्सवर तो लावूच नका. महाग काचेपुढे दोनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर नको, हूड (लेन्सच्या तोंडावरचं आडोशाचं कडं) लावा. कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड आणि पक्कं बिल नसेल तर वाचलेले पैसे पहिल्या दुरुस्तीत जातात. आणि "लग्न, पक्षी, कबड्डी सगळ्याला एकच लेन्स" अशी लेन्स नाही, मला विचारू नका.

लेन्सला नावं ठेवण्याआधी

नवी लेन्स घेऊन आठवडाभरात "फोकसच होत नाही" म्हणून येणारे खूप. मी आधी कॅमेरा हातात घेतो, आणि निम्म्या वेळा तो वन-शॉट किंवा एएफ-एस वर असतो, म्हणजे एकदा फोकस धरून थांबणारा. एआय सर्वो किंवा एएफ-सी करा, म्हणजे फोकस हलत्या माणसाचा पाठलाग करत राहतो. फोकस पुढे-मागे भटकत असेल तर लेन्सवरचा लिमिटरचा खटका बघा; लांबच्या पक्ष्यांसाठी तो लावून टाका, म्हणजे मोटर जवळच्या अंतरात शोधत बसत नाही. रात्रीच्या सामन्यात एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसरा पिवळट येत असेल तर तो दिव्यांचा दोष. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, आणि १/१००० चं शटर त्यातला कुठलाही क्षण पकडतं. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

भिगवणहून आलेल्यांची तक्रार वेगळी: "सकाळी शार्प होती, दुपारी मऊ झाली." उजनीच्या पाण्यावर ऊन चढलं की हवा लहरायला लागते, आणि ६०० एमएमवर फ्लेमिंगोंचा थवा पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. त्यावर कुठलीही लेन्स उपाय नाही. नाव सकाळी लवकर ठरवा आणि नावाड्याला पक्ष्यांच्या जवळ न्यायला लावू नका, थवा उडवून मिळवलेला फोटो मला बघवत नाही.

१५०-६०० ची खरी जागा तिथे आहे. पण नावेत ट्रायपॉडचा उपयोग नाही, सगळं हातावर. सिग्माच्या डीएसएलआरसाठीच्या १५०-६०० चे दोन प्रकार: कंटेम्पररी साधारण दोन किलो, स्पोर्ट्स जवळपास तीन, वर कॅमेरा. दुकानात दोन मिनिटं उचलून याचा अंदाज येत नाही. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. शनिवारी सकाळी घ्या, रविवारी रात्री परत द्या. एक सकाळ ती हातात धरून नावेत बसा, आणि एक संध्याकाळ दिवे लागल्यावर तुमच्या नेहमीच्या मैदानावर जा.